≥ चं ³ होऊ नये म्हणून: वर्ड, एक्सेल आणि लिबरऑफिसमध्ये गणिती चिन्हं कशी घालावीत

मी गणित शिकवते आणि माझ्या प्रश्नपत्रिका मीच टाइप करते. बऱ्याच वर्षांपूर्वी असमानतेवरच्या एका प्रश्नात मी 'एक्स ≥ ५' असं लिहिलं होतं. माझ्या संगणकावर ते ठीक दिसलं, घरच्या प्रिंटरवरही ठीक उमटलं. पेपर छपाईला गेला. परीक्षेच्या दिवशी अर्ध्या तासाने एक मुलगी जागेवरून उठली आणि म्हणाली, "बाई, इथे एक्सचा घन गुणिले पाच आहे का?" मी कागद हातात घेतला. तिथे छापलेलं होतं 'एक्स ³ ५'. मोठे-किंवा-बरोबरच्या चिन्हाच्या जागी बारीकसा घातांक तीन बसला होता. तोपर्यंत निम्म्या वर्गाने घन समजून पानं भरली होती. तो प्रश्न रद्द करावा लागला आणि ज्यांनी जीव तोडून तो सोडवला होता त्यांचा वेळ वाया गेला.

घोळ कशामुळे झाला ते शोधायला मला काही दिवस लागले. त्या काळी मी चिन्हांसाठी 'सिम्बॉल' नावाचा फॉन्ट वापरायचे. त्या फॉन्टमध्ये नेहमीच्या अक्षरांच्याच जागांवर गणिती आकार बसवलेले असतात. ज्या जागी इतर फॉन्टमध्ये ³ असतं, तिथे सिम्बॉलमध्ये ≥ चा आकार आहे. £ च्या जागी ≤ आहे, ¹ च्या जागी ≠, आणि ¥ च्या जागी ∞. म्हणजे मी ≥ टाइप केलंच नव्हतं. टाइप केलं होतं ³, आणि त्याच्यावर ≥ चा मुखवटा चढवला होता. छपाईसाठी मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला, फॉन्ट बदलला आणि मुखवटा गळून पडला.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसले आहे: कागदावर जे चिन्ह दिसतं तेच चिन्ह फाइलच्या पोटात असलं पाहिजे. आता हे अवघड राहिलेलं नाही. युनिकोड या जगभरच्या अक्षरक्रमांकांच्या पद्धतीत प्रत्येक गणिती चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. तो क्रमांक फाइलमध्ये गेला की फॉन्ट कुठलाही लावा, ≥ हे ≥ च राहतं. फार तर त्या फॉन्टमध्ये तो आकार नसेल तर रिकामा चौकोन दिसेल. चौकोन दिसला तर चूक लगेच कळते. ³ दिसलं तर कळत नाही, भीती त्याचीच असते.

आधी ठरवा: सुटं चिन्ह हवंय की मांडणी?

टाइप करायला बसण्याआधी हा एक प्रश्न स्वतःला विचारला की निम्मं काम होतं. ≤, π, ∠, ∴ ही सुटी चिन्हं आहेत. ती अक्षरांसारखीच ओळीत बसतात, त्यांना खास काही लागत नाही. पण अंशाखाली छेद, वर्गमूळाच्या छपराखाली लांब राशी, संकलनाच्या खालीवर मर्यादा, सारणी, निश्चयक हे सगळं मांडणीचं काम आहे. त्याला वर्डची 'इक्वेशन' सोय लागते.

लोक नेमकं उलटं करतात. एका π साठी इक्वेशनची चौकट उघडतात आणि ओळीतलं अंतर बिघडवून घेतात. आणि मोठा अपूर्णांक मात्र स्पेसबार दाबदाबून, मधे अधोरेखांची रेघ ओढून तयार करतात. अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटने बदलला तरी ती रेघ सरकते आणि छेद भलत्याच अंशाखाली जातो.

सुटी चिन्हं

सगळ्यांना माहीत असलेला रस्ता म्हणजे 'इन्सर्ट' टॅब, उजव्या टोकाला 'सिम्बॉल', त्यात 'मोअर सिम्बॉल्स'. खिडकी उघडली की वरच्या 'फॉन्ट' यादीत 'नॉर्मल टेक्स्ट' ठेवा. तिथे 'सिम्बॉल' हा फॉन्ट निवडू नका. माझ्या प्रश्नपत्रिकेची कथा तिथूनच सुरू झाली होती. शेजारच्या 'सबसेट' यादीत 'मॅथेमॅटिकल ऑपरेटर्स' निवडलं की नेहमी लागणारी बरीचशी चिन्हं समोर येतात. खाली 'कॅरेक्टर कोड' म्हणून एक लहान चौकट आहे. चिन्हावर क्लिक केलं की त्याचा क्रमांक तिथे दिसतो. तो वहीत लिहून ठेवा, कारण पुढची युक्ती त्याच्यावरच चालते.

वर्डमध्ये चिन्हाचा क्रमांक टाइप करायचा आणि लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबायच्या. २२६५ टाइप करून ऑल्ट-एक्स दाबलं की क्रमांक जातो आणि ≥ येतं. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की चिन्ह जातं आणि क्रमांक परत येतो. ही उलटी चाल मला जास्त मोलाची वाटते. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमधल्या चिन्हाबद्दल शंका आली की त्याच्या लगेच पुढे कर्सर ठेवायचा आणि ऑल्ट-एक्स दाबायचं. २२६५ आलं तर चिन्ह अस्सल. दुसरंच काही आलं तर ते चिन्ह पुसून नव्याने घालायचं.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी इथे एक खाच आहे. क्रमांक इंग्रजी आकड्यांतच टाइप करावा लागतो. मराठी कीबोर्ड चालू असताना देवनागरी आकडे उमटले तर वर्ड त्यांना क्रमांक मानत नाही आणि आपण ऑल्ट-एक्स दाबत बसतो. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर जायचं, क्रमांक टाकायचा, पुन्हा तसंच करून मराठीवर यायचं. खाली मी आकडे देवनागरीत छापले आहेत, टाइप करताना मात्र इंग्रजी आकडे वापरा. क्रमांकात ए, बी, सी असं काही आलं तर ते इंग्रजी अक्षर आहे.

माझ्या टेबलासमोर चिकटवलेली यादी अशी:

≠ २२६०
≤ २२६४
≥ २२६५
≈ २२४८
≡ २२६१
≅ २२४५ (एकरूप)
∼ २२३सी (समरूप)
∠ २२२०
⊥ २२ए५
∥ २२२५
△ २५बी३
∴ २२३४
∵ २२३५
∈ २२०८
∉ २२०९
∪ २२२ए
∩ २२२९
⊂ २२८२
⊆ २२८६
∅ २२०५
√ २२१ए
∞ २२१ई
∑ २२११
∫ २२२बी
∂ २२०२
− २२१२ (खरं वजा चिन्ह)
π ०३सी०
θ ०३बी८

क्रमांकाच्या आधी आकडा चिकटलेला असेल तर घोटाळा होतो. '५' च्या पुढे मोकळी जागा न सोडता २२६५ टाइप केलं तर वर्डला ५२२६५ असा एकच मोठा क्रमांक दिसतो आणि भलतंच अक्षर येतं. अशा वेळी फक्त २२६५ एवढाच भाग निवडा आणि मग ऑल्ट-एक्स दाबा.

±, ×, ÷, ° या चौघांसाठी मी दुसरी पद्धत वापरते, कारण ती वर्डच्या बाहेरही चालते. कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट असेल आणि नमलॉक चालू असेल, तर ऑल्ट दाबून ठेवायचं, त्या गटातून ०१७७ टाइप करायचं आणि ऑल्ट सोडायचं. ± येतं. ०२१५ ने ×, ०२४७ ने ÷, ०१७६ ने अंशाचं °. सुरुवातीचं शून्य गाळू नका. लॅपटॉपवर तो गट नसेल तर विंडोज कळ आणि पूर्णविराम एकत्र दाबा. इमोजींची खिडकी उघडते, तिच्यात चिन्हांचाही कप्पा आहे. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेसबार एकत्र दाबले की अशीच खिडकी येते. शिवाय मॅकवर ऑप्शन कळ धरून पी दाबलं की π, व्ही दाबलं की √, स्वल्पविराम दाबला की ≤ आणि पूर्णविराम दाबला की ≥.

दिसायला सारखी, पण वेगळी

चिन्हं येत नाहीत म्हणून लोक जवळचं काहीतरी वापरतात. विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना मला हे रोज दिसतं. गुणाकाराला इंग्रजी एक्स अक्षर: मग '३ गुणिले एक्स' लिहायला गेलं की दोन एक्स शेजारी उभे राहतात. अंशासाठी वर उचललेलं शून्य किंवा इंग्रजी ओ. ≤ साठी < च्या खाली अधोरेखा: मजकूर कॉपी करून साध्या निरोपात चिकटवला की अधोरेखा जाते आणि 'लहान किंवा बरोबर' चं नुसतं 'लहान' उरतं. रिक्त संचासाठी नॉर्वेजियन भाषेतलं Ø हे अक्षर. बेरजेच्या ∑ साठी ग्रीक वर्णमालेतलं Σ अक्षर: हे साध्या मजकुरात खपून जातं, पण ∑ हे चिन्ह आणि Σ हे अक्षर, दोघांचे क्रमांक वेगळे आहेत. शोध घेताना एक टाकलं तर दुसरं सापडत नाही.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते वजा चिन्हाकडे. कीबोर्डवरची आडवी रेघ म्हणजे संयोगचिन्ह, शब्द जोडायची. ती आखूड असते. खरं वजा चिन्ह अधिक चिन्हाच्या आडव्या रेघेएवढंच लांब असतं. जवळून बघा: ७ - ४ आणि ७ − ४. लांबीपेक्षाही वाईट गोष्ट अशी की संयोगचिन्हानंतर वर्डला ओळ तोडायची मुभा असते. '-५' ओळीच्या टोकाला आलं की रेघ वर राहते आणि ५ खालच्या ओळीत जातो. खाली वाचणाऱ्याला धन पाच दिसतो. उत्तराचं चिन्हच बदललं! म्हणून छापायच्या कागदावर मी २२१२ च वापरते. '५ ≤ एक्स' सारखा तुकडा एकाच ओळीत राहायला हवा असेल तर मधल्या जागा साध्या स्पेसबारने न सोडता कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र दाबून सोडा. ती जागा तुटत नाही.

घातांकाबद्दलही सांगायला हवं. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि बरोबरची कळ दाबली की पुढचं अक्षर वर जातं, आणि शिफ्ट न धरता दाबलं की खाली. कागदासाठी ते उत्तम. पण हे वर जाणं म्हणजे फक्त सजावट आहे. तोच मजकूर साध्या निरोपात चिकटवला की सजावट गळते आणि १० चा पाचवा घात सरळ १०५ होऊन बसतो. इंग्रजी आकड्यांसाठी युनिकोडमध्ये ² आणि ³ सारखे वरचे आकडे स्वतंत्र आहेत, ते अशा वेळी टिकतात. देवनागरी आकड्यांना मात्र असे वरचे जुळे आकडे नाहीत. म्हणून प्रश्नपत्रिका देवनागरी आकड्यांत असेल आणि मजकूर इकडून तिकडे जाणार असेल, तर घातांकाचे प्रश्न मी पीडीएफ करूनच पाठवते.

स्वतःचे शॉर्टकट

रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये = हे चिन्ह वापरात आणलं, कारण 'च्या बरोबर आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता. दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघा त्याने घेतल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी असू शकत नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. वर्गात हे सांगितलं की मुलं फळ्यावरच्या त्या दोन रेघांकडे नव्याने बघतात. आपणही तोच कंटाळा कामाला लावू. दिवसात चाळीस वेळा ∴ लागत असेल तर चाळीस वेळा खिडकी उघडू नये.

'मोअर सिम्बॉल्स' च्या खिडकीत चिन्ह निवडल्यावर खाली दोन बटणं दिसतात: 'ऑटोकरेक्ट' आणि 'शॉर्टकट की'. दुसऱ्यावर क्लिक करून हवी ती कळांची जोडी दाबा. ती आधीच दुसऱ्या कामाला असेल तर वर्ड तिथेच सांगतं, तेव्हा वेगळी घ्या. ∴, ∠ आणि △ या तिघांना मी अशा कळा दिल्या आहेत, कारण भूमितीचा पेपर काढताना त्यांच्यावाचून एक ओळ पुढे सरकत नाही. 'ऑटोकरेक्ट' मध्ये तुम्ही ठरवलेला संक्षेप टाइप केला की चिन्ह येतं. संक्षेप असा घ्या की जो कुठल्या शब्दात चुकूनही येणार नाही. मी प्रत्येक संक्षेपाच्या आधी अर्धविराम लावते.

याहून मोठी सोय वर्डमध्ये तयारच आहे, फक्त बंद असते. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'प्रूफिंग', 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' असं जा. तिथे 'मॅथ ऑटोकरेक्ट' हा टॅब उघडा आणि गणिती चौकटीच्या बाहेरही हे नियम वापरा, अशा अर्थाच्या ओळीसमोर खूण करा. आता साध्या मजकुरातही बॅकस्लॅश, मग पी आणि आय ही अक्षरं, मग स्पेस दाबलं की π येतं. बॅकस्लॅश एन-ई ने ≠, बॅकस्लॅश एल-ई ने ≤, बॅकस्लॅश जी-ई ने ≥. त्या टॅबमध्येच पूर्ण यादी आहे. एकदा निवांत बसून ती वरपासून खालपर्यंत वाचा.

मांडणी: इक्वेशनची चौकट

वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरची कळ एकत्र दाबा. चौकट उघडते. वर रिबनमध्ये अपूर्णांक, मूळ, संकलन, सारणी यांचे साचे दिसतात. नवखे लोक साचे माउसने निवडतात, मग कोरे चौकोन एकेक करून भरतात. त्याने काम होतं, पण हात सारखा माउसकडे जातो. टाइप करूनच मांडणी होते, हे एकदा हाताला कळलं की परत माउस नकोसा होतो.

वर्गसमीकरणाचं सूत्र घेऊ. चौकटीत कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून असं टाइप करा: एक्स, बरोबर, उघडा कंस, वजा, बी. मग अधिक आणि वजा लागोपाठ. इथेच पहिली गंमत दिसते, + आणि - मिळून ± होतं. नाही झालं तर एकदा स्पेस द्या. मग बॅकस्लॅश आणि एस-क्यू-आर-टी ही चार अक्षरं, आणि स्पेस. √ येतं, अजून छप्पर नाही. लगेच उघडा कंस, बी, वर टोक असलेलं ^ चिन्ह, २, स्पेस. त्या स्पेसने २ उडी मारून बी च्या डोक्यावर बसतो. मग वजा, ४, ए, सी, बंद कंस. आता मुळाचं छप्पर त्या कंसाएवढं लांब होऊन राशीवर पसरतं आणि आतला कंस नाहीसा होतो. लगेच झालं नाही तर पुढच्या पायरीला होईल, थांबू नका. अंशाचा बंद कंस द्या, तिरकी रेघ /, उघडा कंस, २, ए, बंद कंस, आणि शेवटची स्पेस. पूर्ण राशी वर उचलली जाते, मधे आडवी रेघ येते, २ए खाली बसतो, दोन्ही कंस गायब. हे मी वर्गात पडद्यावर करून दाखवते तेव्हा त्या शेवटच्या स्पेसला मुलांच्या तोंडून 'अरे!' निघतं.

त्यातला नियम एवढाच: कंस म्हणजे 'एवढं एकत्र धर' आणि स्पेस म्हणजे 'आता मांड'. कंस छापून यायला हवाच असेल तर दुहेरी द्या, बाहेरचा जातो आणि आतला राहतो. चौकटीत वजासाठी वेगळा क्रमांक लागत नाही, साधी आडवी रेघ दाबली तरी खरं वजा चिन्ह उमटतं. < आणि = लागोपाठ दाबले की ≤, > आणि = ने ≥, / आणि = ने ≠, ~ आणि = ने ≅.

चौकट एकटी ओळीवर असली की वर्ड तिला ऐसपैस मांडतं, ∑ च्या मर्यादा वरखाली बसतात. तीच वाक्याच्या मधे आली की आक्रसते, मर्यादा बाजूला सरकतात, अपूर्णांक बारीक होतात. ही बिघाडाची खूण नव्हे, ओळी एकमेकींवर चढू नयेत म्हणून केलेली सोय आहे. तरी प्रश्नपत्रिकेत मुलांना वाचता यावेत म्हणून मोठे अपूर्णांक मी कायम वेगळ्या ओळीवर घेते. समीकरणाला क्रमांक हवा असेल तर नव्या वर्डमध्ये चौकटीतच समीकरणाच्या शेवटी #, त्यानंतर कंसात क्रमांक, आणि एंटर. क्रमांक उजव्या कडेला जाऊन बसतो. प्रबंध लिहिणाऱ्यांना याचा फार उपयोग आहे.

मराठी शब्द चौकटीत घालू नका. चौकटीचा फॉन्ट कँब्रिया मॅथ असतो आणि त्यात देवनागरी अक्षरं नाहीत. वर्ड कुठून तरी दुसऱ्या फॉन्टची अक्षरं आणून बसवतं, ती बाकी मजकुराशी जुळत नाहीत. 'क्षेत्रफळ = π गुणिले त्रिज्येचा वर्ग' असं लिहायचं असेल तर मराठी भाग बाहेर ठेवा आणि चौकटीत फक्त अक्षरचिन्हांचं सूत्र घ्या. चौकटीतले आकडेही इंग्रजी ठेवलेले बरे.

एक्सेल

एक्सेलच्या खान्यात मांडणी बसत नाही. तिथे 'इक्वेशन' घातलं तर ते खान्यांच्या वर तरंगणारी वस्तू होतं आणि रांगा हलवल्या की मागे राहतं. सुटी चिन्हं मात्र घालता येतात, 'इन्सर्ट' मधून किंवा युनिचार या सूत्राने. बरोबर, युनिचार, कंसात ८८०५ लिहिलं की ≥ येतं. इथला क्रमांक नेहमीच्या दशमान पद्धतीचा, म्हणून वर्डच्या यादीपेक्षा वेगळा. ८८०४ म्हणजे ≤, ८८०० म्हणजे ≠, ८७३० म्हणजे √, ९६० म्हणजे π.

आणि इथे माझा वजा चिन्हाचा नियम उलटा होतो. एक्सेलमध्ये ऋण संख्येला कीबोर्डवरची साधी रेघच द्या. वर्डमधून किंवा पीडीएफमधून खऱ्या वजा चिन्हासकट '−५' आणून चिकटवलं तर एक्सेल त्याला संख्या मानत नाही, मजकूर मानतं. खान्यात तो डाव्या कडेला चिकटतो, आणि बेरजेचं सूत्र त्याला न बोलता वगळतं. एकदा प्रयोगाच्या नोंदींची माझी बेरीज जुळेना. तासभर आकडे तपासले. शेवटी स्तंभात फक्त तीनच संख्या डावीकडे सरकलेल्या दिसल्या, तिन्ही ऋण.

लिबरऑफिस आणि गूगल डॉक्स

लिबरऑफिस रायटरमध्येही ऑल्ट-एक्स चालतं, क्रमांक तेच. यादीतून निवडायचं तर 'इन्सर्ट' मध्ये 'स्पेशल कॅरेक्टर'. मांडणीसाठी त्याची 'फॉर्म्युला' ही वेगळी सोय आहे आणि तिची भाषा मला फार आवडते, कारण ती बोलल्यासारखी आहे. खालच्या पट्टीत इंग्रजीत '१ ओव्हर २' असं शब्दात लिहिलं की वर अर्धा दिसतो. एकत्र धरायला इथे गोल कंस नव्हे, महिरपी कंस लागतात, हे वर्डवरून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. <= आणि >= इथेही चालतात, ≠ साठी मात्र <> लिहायचं. ग्रीक अक्षराआधी टक्क्याचं चिन्ह.

गूगल डॉक्समध्ये 'स्पेशल कॅरेक्टर्स' च्या खिडकीत एक चौकोन आहे, त्यात चिन्ह माउसने काढलं की जुळणारी चिन्हं दाखवतो. नाव आठवत नसलेल्या चिन्हासाठी हे उत्तम. इक्वेशनची सोय साधी आहे, शाळेच्या कामाला पुरते.

फाइल पाठवण्याआधी

वर्डची फाइल जुन्या डीओसी प्रकारात जतन करू नका. त्यात इक्वेशनची चित्रं होतात आणि त्या प्रकारात ती दुरुस्त करता येत नाहीत. उलट, कुणाची जुनी फाइल उघडल्यावर 'इक्वेशन' चं बटण पुसट दिसत असेल तर 'फाइल', 'इन्फो', 'कन्व्हर्ट' केल्यावर ते जागं होतं. फार जुन्या फाइलींमधली समीकरणं 'इक्वेशन एडिटर ३.०' मध्ये केलेली असू शकतात. सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये ते काढून टाकलं. ती समीकरणं दिसतात, पण त्या जुन्या साधनात उघडत नाहीत. पाच-सहाच असतील तर नव्याने टाइप केलेली बरी.

समीकरणाचं चित्र काढून चिकटवू नका, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते. चित्र मोठं केलं की धूसर होतं, शोधात सापडत नाही. आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्यासाठी ती जागा रिकामीच राहते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर खऱ्या चौकटीतलं समीकरण वाचू शकतात, चित्रासमोर मात्र गप्प बसतात.

माझी शेवटची पायरी अशी असते. वर्डच्या फाइलची पीडीएफ करते, ती दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर उघडते आणि शोधाच्या चौकटीत £, ³ आणि ¹ एकेक करून टाकते. जिथे मी मुद्दाम घन लिहिलेला नाही तिथे ³ सापडलं, तर फाइल परत टेबलावर येते. मग एक प्रत छापून पेन्सिल हातात घेते आणि प्रत्येक चिन्हावर टोक टेकवत मोठ्याने वाचते: "एक्स, मोठा किंवा बरोबर, पाच." छपाईला पीडीएफच देते आणि पहिली छापील प्रत हातात आल्याशिवाय बाकीच्या काढू देत नाही.